प्रेस उघडते तेव्हा समोर कोण असते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फर्निचरमधून घरात पसरणाऱ्या फॉर्माल्डिहाइड या वायूविषयी अलीकडे बरेच लिहिले जाते आणि ‘ई-वन’ किंवा ‘ई-झीरो’ हा, हा वायू कमी सुटतो असे सांगणारा शिक्का पाहूनच प्लायवूड घ्यावे, असे ग्राहकांना सांगितले जाते. सल्ला योग्यच आहे. मात्र हा शिक्का तयार मालाची परीक्षा करतो, तो माल जिथे चिकटवला जातो तिथल्या हवेची नव्हे, एवढे प्लायवूडच्या कारखान्यात ग्लू स्प्रेडर (ग्लू लावणारे यंत्र) आणि हॉट प्रेस (तापवून दाबणारे यंत्र) चालवणारा कामगार म्हणून नमूद करावेसे वाटते.

युरिया-फॉर्माल्डिहाइड रेझिनमध्ये, म्हणजे चिकट राळेत, ती घट्ट करणारा हार्डनर मिसळून केलेला ग्लू रोलरवरून विनीरला, म्हणजे लाकडाच्या पातळ पत्र्यांना, लागतो, थर आडवे-उभे रचले जातात आणि शंभर अंशांहून अधिक तापलेल्या प्लेटांमध्ये दाबले जातात. दाब सुटून प्लेटा उघडल्या, की वाफेबरोबर मोकळा फॉर्माल्डिहाइडही बाहेर येतो आणि नेमका तेव्हाच ऑपरेटर माल ओढण्यासाठी पुढे वाकलेला असतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो. नवख्याला हे पहिल्या आठवड्यात फार जाणवते. पुढे नाक सरावते आणि वास येत नाही म्हणजे वायूही नाही, असा समज होऊन बसतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा धुळीचा मास्क भुसा अडवील, वायू नाही. याच रसायनाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये माणसांत कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात घातले आहे.

कमी फॉर्माल्डिहाइडचे रेझिन मिळते. पण ते घट्ट व्हायला सहसा अधिक वेळ घेते. पाळीत काढायच्या मालाचा आकडा मात्र तोच राहिला, तर ऑपरेटर प्रेस लवकर उघडतो, आत कोंडलेली वाफ फट्कन सुटते आणि प्लायवूडला फुगा येतो. असा एक अख्खा चट्टा माझ्या हातून वाया गेला आहे आणि त्याचा जाबही मलाच द्यावा लागला. आकडा ठरवणाऱ्याला कोणी काही विचारले नाही.

तेव्हा रेझिन बदलताना प्रेसची वेळही बदलावी, ऑपरेटरला या वायूसाठीच्या फिल्टरचा मास्क द्यावा आणि हवेची मोजणी दाराशी न करता त्याच्या तोंडाच्या उंचीवर करावी. आमच्या प्रेसवर वायू खेचणारा पंखा आहे आणि तो चालतोही. पण तो छताला असल्यामुळे वायू तिथवर पोहोचण्याआधी माझ्या तोंडावरून जातो.

आपला,
एक प्रेस ऑपरेटर