प्रोसेसर विकण्यापूर्वी ‘बायोस’ कोण पाहणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कराड येथे गेली अनेक वर्षे मी डीटीपीचे छोटे केंद्र चालवते. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल अशी कामे असतात आणि तुळशीचे लग्न लागले की दोन महिने मान वर करायला सवड नसते. नेमक्या त्याच दिवसांत माझा संगणक नऊ दिवस बंद राहिला. तो का बंद राहिला हे समजून घेताना जे कळले, ते इतर व्यावसायिकांच्याही उपयोगाचे आहे आणि विक्रेत्यांनी ते मनावर घ्यावे अशी माझी तळमळ आहे, म्हणून हे पत्र.

संगणक २०१९ च्या सुरुवातीला असेंबल करून घेतलेला होता. त्यात बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) आणि एएमडी कंपनीचा रायझेन ३ २२००जी हा प्रोसेसर (संगणकाचा मेंदू असलेली चिप) होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे कंपनीकडून मिणाऱ्या मोफत सुरक्षा-सुधारणा, संपला आणि विंडोज ११ साठी मान्य असलेल्या प्रोसेसरांच्या यादीत माझा प्रोसेसर नव्हता. संपूर्ण यंत्र बदलण्याऐवजी फक्त प्रोसेसर बदलावा, असा सल्ला मला एका दुकानात मिळाला आणि तो सल्ला मुळात चुकीचा नव्हता. रायझेन ५ ५६०० हा सहा कोअरचा प्रोसेसर त्याच एएम४ सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डवरील प्रोसेसरच्या खाचेत, बसतो. दुकानदाराने जुना प्रोसेसर ठेवून घेतला, त्याचे पैसे बिलातून वजा केले आणि तंत्रज्ञाला माझ्याकडे पाठवले. मदरबोर्डचा मॉडेल क्रमांक मात्र दुकानात कोणीही विचारला नाही.

नवा प्रोसेसर बसला, पंखे फिरू लागले, कॅबिनेटचे दिवे लागले, पण डिस्प्ले आला नाही. तंत्रज्ञाने रॅम काढून तिचे सोनेरी टोक खोडरबराने घासले, दोन-तीन वेळा यंत्र चालू-बंद केले आणि बोर्ड गेला असे सांगून नव्या संगणकाचा अंदाजखर्च हाती ठेवला. हाती घेतलेली पत्रिकांची कामे मला दुसऱ्या केंद्राकडे सोपवावी लागली. अखेर कोल्हापूरच्या एका अनुभवी दुरुस्ती कारागिरांना मी फोन केला आणि ‘सीपीयू बदलल्यापासून मशीन चालू होत नाही’ असे सांगितले. सीपीयू म्हणजे खरे तर प्रोसेसरच, पण आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणण्याची पद्धत असल्यामुळे मी संपूर्ण यंत्र बदलले असा त्यांचा समज झाला, आणि खरा प्रकार कळेपर्यंत त्यात एक दिवस गेला. आपल्या वाचकांनी दुरुस्तीवाल्याशी बोलताना ‘प्रोसेसर’ हाच शब्द वापरावा, असे मी यासाठीच सुचवते.

खरा प्रकार कळल्यावर त्यांनी तीन प्रश्न विचारले. बोर्ड कोणत्या मॉडेलचा आहे, त्यावरचा बायोस कधीचा आहे आणि जुना प्रोसेसर कुठे आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना मला माझी चूक उमगली.

मदरबोर्डवरील एका लहानशा चिपमध्ये बायोस नावाच्या सूचना साठवलेल्या असतात. वीज येताच प्रोसेसरला ओळखणे, रॅम तपासणे आणि मग विंडोजकडे काम सोपवणे हे त्या सूचनांचे काम. माझ्या बोर्डवरचा बायोस २०१८ मधला होता आणि रायझेन ५ ५६०० बाजारात आला एप्रिल २०२२ मध्ये; चार वर्षांनी जन्माला येणारा प्रोसेसर त्या बायोसला ठाऊक असणे शक्यच नव्हते. एएम४ हे सॉकेट रायझेनच्या अनेक पिढ्यांना पुरले ही ग्राहकाच्या हिताचीच गोष्ट आहे, परंतु सॉकेट जुळले म्हणजे बायोसही जुळला असे होत नाही. मे २०२० मध्ये तर एएमडीने ४०० मालिकेच्या बोर्डांवर (माझा बी४५० त्यातलाच) पुढच्या पिढीचे प्रोसेसर चालणार नाहीत असे आधी सांगितले होते आणि ग्राहकांच्या नाराजीनंतर तो निर्णय फिरवला. याचाच अर्थ असा की, या बोर्डांवर ५६०० सारखे ५००० मालिकेचे प्रोसेसर चालतात ते केवळ नंतर आलेल्या बायोसमुळे. इंटेलच्या बाबतीतही निराळे नाही. ११५१ पिनांचे सॉकेट सहाव्या-सातव्या पिढीलाही होते आणि आठव्या पिढीलाही, तरी आठव्या पिढीचा प्रोसेसर २०० मालिकेच्या बोर्डवर चालत नाही. आणि बाराव्या पिढीसोबत आलेल्या ६०० मालिकेच्या बोर्डवर तेराव्या पिढीचा प्रोसेसर बसवायचा असेल, तर आधी बायोस अद्ययावत करावा लागतो.

बायोस अद्ययावत करण्यासाठी बोर्ड सुरू व्हावा लागतो आणि बोर्ड सुरू होण्यासाठी त्याच्या ओळखीचा प्रोसेसर लागतो. माझ्याकडचा असा एकमेव प्रोसेसर दुकानदाराकडे गेलेला होता. काही बोर्डांवर प्रोसेसर नसतानाही पेन ड्राइव्हवरून बायोस भरण्याचे वेगळे बटण असते. माझ्या बोर्डवर ते नव्हते. कोल्हापूरच्या कारागिरांनी स्वतःजवळचा त्याच पिढीचा जुना प्रोसेसर बसवला आणि दुसऱ्याच मिनिटाला डिस्प्ले आला. ज्या बोर्डला मृत ठरवण्यात आले होते, तो ठणठणीत होता. ही अडचण इतकी सर्वज्ञात आहे की २०१८ मध्ये खुद्द एएमडीने अशा ग्राहकांना बायोस अद्ययावत करण्यापुरता एक प्रोसेसर उसना देण्याची व्यवस्था केली होती. जे कंपनीला करावेसे वाटले, ते आपल्या दुकानदारांनी एक-दोन जुने प्रोसेसर खणात ठेवून का करू नये?

बायोस अद्ययावत झाल्यावर नवा प्रोसेसर पुन्हा बसवला, तरीही डिस्प्ले आला नाही. या वेळी मात्र कारागिरांनी बोर्डवरच्या चार बारीक दिव्यांकडे बोट दाखवले. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स (पडद्यावर चित्र उमटवणे) आणि बूट (विंडोज सुरू होणे) अशा चार टप्प्यांचे ते दिवे असतात आणि गाडी जिथे अडते तो दिवा लागून राहतो. आधी प्रोसेसरचा दिवा लागून राहत होता, आता ग्राफिक्सचा. कारण साधे होते. माझ्या जुन्या प्रोसेसरच्या नावातील ‘जी’ हे अक्षर त्यात ग्राफिक्स अंतर्भूत असल्याची खूण होती. रायझेन ५ ५६०० मध्ये ते नाही, त्याला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागते. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘एफ’ असेल तर तिथेही हेच लागू. माझ्या यंत्रात कार्ड नाही हे दुकानदाराला एका प्रश्नात कळले असते. तो प्रश्न न विचारल्याचा भुर्दंड मला एका कार्डाच्या किमतीएवढा पडला.

प्रोसेसर बदलल्यावर यंत्र सुरू न होण्याची आणखीही कारणे असतात, हे मला मान्य आहे. एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकातील वीजपुरवठ्याच्या डब्यातून, प्रोसेसरसाठी येणारी वेगळी चार किंवा आठ पिनांची वायर लावायची राहून गेली, तरी पंखे फिरतात आणि डिस्प्ले येत नाही. कधी बायोसच्या जुन्या सेटिंग्ज आड येतात. तेव्हा वीज पूर्ण तोडून बोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल काही मिनिटे काढून ठेवावा आणि एकच रॅम लावून पाहावी. पहिल्या वेळी रॅम जुळवून घ्यायला यंत्राला वेळ लागतो, म्हणून काही मिनिटे धीर धरावा. परंतु एका चुकीबद्दल मला अधिक लिहिले पाहिजे, कारण ती करणारे हात अनेकदा तंत्रज्ञांचेच असतात. एएम४ प्रोसेसरच्या पोटाला १३३१ नाजूक पिना असतात. पंख्याखालची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वर्षानुवर्षांत वाळून घट्ट होते आणि पंखा सरळ वर ओढला की प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून निघतो, पिना वाकतात. यंत्र आधी दहा-पंधरा मिनिटे चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी, मग यंत्र बंद करून, वायर काढून, पंखा अलगद डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा. एवढी काळजी घेतली तर बहुतेक नुकसान टळते.

बायोस भरताना मध्येच वीज गेली तर चांगला बोर्डही निकामी होऊ शकतो. आपल्याकडील विजेचा भरवसा पाहता हे काम यूपीएसशिवाय करूच नये, आणि बायोसची फाईल बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, आपल्याच मॉडेलची असल्याची खात्री करून घ्यावी. ज्यांच्या विंडोजमध्ये बिटलॉकर (फायली कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू आहे, त्यांनी ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवावी. प्रोसेसर बदलल्यावर यंत्र ती मागू शकते आणि ती नसेल तर आतील फायली कायमच्या हाताबाहेर जातात.

माझी संगणक विक्रेत्यांना कळकळीची विनंती आहे की, प्रोसेसर विकण्यापूर्वी त्यांनी बोर्डचे मॉडेल विचारावे. कोणत्या प्रोसेसरला कोणत्या आवृत्तीपासून पुढचा बायोस लागतो, याची यादी बोर्ड बनवणाऱ्या कंपन्या आपल्या संकेतस्थळावर देतात. ती पाहायला पाच मिनिटे लागतात. आवश्यक ती आवृत्ती आणि ग्राफिक्स कार्डाची गरज बिलावर लिहून द्यावी, बायोस अद्ययावत करण्याचे वाजवी शुल्क घ्यावे, आणि नवा प्रोसेसर चालू झाल्याशिवाय जुना परत घेऊ नये. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने वस्तूविषयी माहिती मिळण्याचा हक्क आपल्याला दिलेला आहे, आणि दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहकानेही दुकानात जाण्यापूर्वी विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत ‘एमएसइन्फो३२’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करावा. उघडलेल्या पानावर बोर्डचे मॉडेल आणि बायोसची तारीख दोन्ही दिसतात. मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून दुकानदाराला दाखवावा.

विंडोज १० च्या निमित्ताने येत्या काळात अनेक कार्यालयांत, शाळांत आणि माझ्यासारख्यांच्या केंद्रांत प्रोसेसर बदलले जातील. माझा बोर्ड भंगारात जाता जाता वाचला, तसे इतरांचेही वाचावेत, यासाठी आपण हे पत्र प्रसिद्ध करावे ही विनंती.

आपली विश्वासू,
एक डीटीपी व्यावसायिक, कराड