गॅस भरायची घाई करू नकोस

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

पिकअपचा एसी नुसती गरम हवा फेकतोय, गॅस भरून घेते, असं तू फोनवर म्हणालीस. तेवढं थांब. एसीचा गॅस डिझेलसारखा वापरून संपत नाही, बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. रबरी पाइपांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, हे खरं. पण गार हवा थेट गरम होण्याइतका कमी झाला, तर कुठेतरी गळती आहेच. ती न शोधता भरलास, तर नवा गॅसही तिथूनच जाईल. आणि गॅस पुरेसा असतानाही हवा गरम येऊ शकते. म्हणून आधी स्वतः बघ.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. एसी लाव, थंडावा आणि ब्लोअर दोन्ही फुल कर आणि बॉनेट उघड. केस बांधून घे, ओढणी गाडीतच ठेव आणि बेल्टच्या जवळ हात नेऊ नकोस, हे मी दर वेळी सांगणारच. आता कॉम्प्रेसरचं, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचं, तोंड बघ. बाहेरची पुली बेल्टबरोबर कायम फिरते, पण तिच्या पुढ्यातली गोल प्लेट एसी बंद असताना स्थिर असते. एसी लावला की ‘टक्’ आवाज येऊन प्लेट पुलीला चिकटते आणि फिरू लागते. तोच क्लच. काही नव्या गाड्यांत क्लच नसतोच. तुझ्या गाडीत नसेल तर ही खूण सोड आणि पाइपांकडे वळ.

प्लेट हलत नसेल तर कॉम्प्रेसर गेला असं कुणी सांगितलं तरी लगेच मान डोलावू नकोस. फ्यूज बघ. रिलेच्या, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या छोट्या डबीच्या, जागी त्याच नंबरचा दुसरा रिले लावून बघ, बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा चालतो. मग क्लचच्या वायरला टेस्ट लॅम्प लाव. करंट येतोय आणि तरी प्लेट चिकटत नाही, तर क्लचची कॉइल जळली असेल किंवा प्लेट झिजून फट वाढली असेल. करंटच येत नसेल तर प्रेशर स्विचवर संशय घे. गॅस फार कमी झाला की हा स्विच मुद्दाम कॉम्प्रेसर चालू देत नाही, कारण गॅसबरोबर फिरणारं तेलही मग कॉम्प्रेसरला मिळत नाही. काही जण स्विचच्या दोन वायरी जोडून कॉम्प्रेसर चालवून दाखवतात. तसं कुणालाही करू देऊ नकोस, कोरडा चालला तर तो जाम होतो.

प्लेट फिरतेय, तर पाइप चाचपून बघ. केबिनकडून कॉम्प्रेसरकडे येणारा जाड पाइप गार लागायला हवा, दमट हवेत त्यावर पाणीही सुटतं. कॉम्प्रेसरमधून कंडेन्सरकडे, म्हणजे रेडिएटरपुढच्या जाळीकडे, जाणारा पाइप मात्र पकडू नकोस, तो चटका देतो. जाड पाइप छान गार आणि आत हवा गरम, म्हणजे गॅसचा दोष नाही. डॅशबोर्डच्या आत गरम आणि थंड हवा मिसळणारी एक झडप असते, ती अडकली असेल. थंडावा कमी-जास्त करताना आतून टकटक ऐकू आली, तर झडप फिरवणाऱ्या मोटरचे दाते तुटले आहेत असं समज.

गाडी पळताना गार आणि सिग्नलला गरम, असं होत असेल तर कंडेन्सर आणि त्याचा फॅन बघ. तुझी पिकअप कच्च्या रस्त्यांवर हिंडते, जाळीत चिखल आणि किडे बसणारच. पाण्याची साधी धार पुरे. जोराच्या प्रेशरने पातळ पत्र्या दुमडतात आणि हवा आणखीच अडते.

गळतीची जागा बहुतेकदा तेलच दाखवतं. पाइपांचे जोड, कंडेन्सरचे खालचे कोपरे, कॉम्प्रेसरचा पुढचा भाग टॉर्च मारून बघ. एवढ्याच जागी धूळ चिकटून काळा, ओशट डाग दिसला तर तिथे बोट ठेव. जोड मात्र स्वतः उघडू नकोस. आतला द्रव उणे २६ अंशांना उकळतो, कातडी आणि डोळे गारठ्याने क्षणात भाजतो.

मेकॅनिकने दाब मोजायचा गेज लावला की शेजारी उभी राहा. गाडी बराच वेळ बंद असेल तर कमी आणि जास्त दाबाचे दोन्ही काटे सारखेच दिसतात. ३० अंश तापमानात आर-१३४ए या गॅससाठी हा आकडा साधारण ९५ ते १०० पीएसआय असतो. पण त्यावरून गॅस आहे एवढंच कळतं, पुरेसा आहे का ते नाही. खरं कळतं इंजिन चालू केल्यावर. प्लेट फिरतेय आणि तरी काटे एकमेकांपासून दूर जात नाहीत, तर कॉम्प्रेसर दाब तयार करत नाही.

गळती काढल्यावर निदान अर्धा तास व्हॅक्यूम ओढायला, म्हणजे पंपाने आतली हवा काढायला, सांग आणि तो टिकतो का ते बघ. गॅस वजनाने भरायचा, बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात. जास्त भरला तरी गारवा कमीच होतो. आर-१३४ए की आर-१२३४वायएफ हेही तिथेच असतं, दोन्ही एकत्र करायचे नाहीत. आणि गळती बुजवणारं औषध सिस्टिममध्ये अजिबात नको, ते आतल्या बारीक वाटा बुजवतं.

प्लेट फिरते की नाही ते आधी कळव, आणि स्टिकरचा फोटो पाठव. मग पुढचं फोनवर ठरवू.

तुझे,
बाबा