पुनर्विकासात उजेडाचा कोनही मोजा

मा. संपादक,
स. न.

पुनर्विकासाच्या सभांत चटईक्षेत्र किती, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारा निधी) किती, पार्किंग मिळणार का, यावर तासन्‌तास खल होतो. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून आकाश दिसेल का, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. मुंबईत हे मोजण्याची एक सोपी रीत शंभर वर्षांपूर्वी ठरली होती.

१८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला. अंधार, ओल आणि कोंदट हवा यांमुळे तो पसरतो, अशी सरकारची समजूत होती. उंदरांवरच्या पिसवांचा संबंध फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवला, तो सर्वमान्य व्हायला पुढे बरीच वर्षे गेली. त्याच १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही सरकारी संस्था स्थापन झाली. या ट्रस्टने नागपाड्यात घरे पाडली आणि समुद्राचा वारा आत यावा म्हणून दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट (आजचा शामलदास गांधी मार्ग) व सँडहर्स्ट रोड काढले. घरे पाडली झपाट्याने, बांधली सावकाश. उठवलेले गरीब शेजारच्याच गल्ल्यांत दाटीने राहिले. हा अन्याय होताच.

त्याच ट्रस्टचा एक नियम मात्र आजही मोलाचा आहे: ६३.५ अंशांचा. लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्यातला हा कोन इथे आणला गेला आणि ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी तो लावून धरला. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोर ६३.५ अंशांची रेघ काढायची. समोरची इमारत त्या रेघेच्या वर जाता कामा नये. हिशेब तोंडी होतो, कारण या कोनाला उंची अंतराच्या दुप्पट येते. समोर ४० फूट उंच इमारत असेल, तर मध्ये २० फूट मोकळे हवेत. तरी हे किमानच. डिसेंबरात मुंबईचा सूर्य भर दुपारीही ४७-४८ अंशांवरच असतो. त्यामुळे दक्षिणेकडच्या तळमजल्याला या नियमाने आकाशाचा उजेड मिळतो, हिवाळ्यातले दुपारचे ऊन मिळेलच असे नाही.

आता गोवंडीतले नटवर पारेख कंपाउंड पाहा. प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या तळमजला अधिक सात मजल्यांच्या इमारती, मध्ये जेमतेम ३ मीटर. उंची २३ मीटरच्या आसपास धरली, तर कोन ८२ अंशांच्या पुढे जातो. जुन्या नियमाने तिथे साडेअकरा मीटर अंतर लागले असते. या आणि शेजारच्या वसाहतींच्या अभ्यासात, जिथे उजेड-वारा कमी अशा खालच्या मजल्यांवर क्षयरोग जास्त आढळला. प्लेगच्या बाबतीत कोंदट हवेचा सिद्धांत चुकला, पण क्षयरोग खरोखरच हवेतून पसरतो आणि वारा न खेळणाऱ्या खोलीत त्याचे जंतू साचून राहतात. गरिबांना उठवून दाटीत कोंबण्याची ट्रस्टची चूक आपण पुन्हा केली आणि त्याचा चांगला नियम तेवढा सोडून दिला, याचा मला संताप येतो.

खासगी पुनर्विकासातही इमारतीभोवती नियमाने सोडायच्या मोकळ्या जागेतली तूट प्रीमियम (जादा शुल्क) भरून माफ करून घेता येते. पैसे पालिकेकडे जातात, अंधार दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाच्या वाट्याला येतो.

म्हणून सभासदांनी मजल्याच्या नकाशावर समाधान मानू नये. शेजारच्या इमारतीसह उभा छेद (इमारत उभी कापल्यासारखा, उंची व अंतर दाखवणारा नकाशा) मागावा, त्यावर सर्वांत खालच्या राहत्या मजल्याच्या खिडकीपासून कोन काढून घ्यावा आणि मोकळ्या जागेच्या कोणत्या सवलती मागितल्या आहेत, त्यांची यादी करारावर सही करण्याआधी वाचावी. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या खिडक्या डक्टमध्ये (इमारतीतल्या अरुंद उभ्या पोकळीत) उघडत असतील, तर तो डक्ट किती रुंद आहे आणि वर खुला आहे का, हेही पाहावे. महापालिका आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने हा कोन प्रत्येक मंजूर नकाशावर छापणे बंधनकारक करावे, आणि पुनर्वसनाच्या इमारतींपासूनच सुरुवात करावी.

— एक नगररचनाकार, माटुंगा