मीटर बदलताना जुन्या मीटरचा फोटो काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुने मीटर काढून स्मार्ट मीटर बसवले की पहिल्या-दुसऱ्या बिलाला तक्रार ठरलेली: ‘नवीन मीटर पळतं.’ उपविभागीय कार्यालयात या वाक्याचा फारसा उपयोग होत नाही. मीटर तपासणीला जाते, चाचणीत बरोबर निघते आणि ग्राहक निरुत्तर होतो. मीटर बदलल्याच्या महिन्यात फुगलेले बिल अनेकदा दोन मीटरांच्या सांध्यावर फुगलेले असते. तिथे बोट ठेवले तरच दाद लागते.

त्या महिन्याच्या बिलात दोन्ही मीटरांची युनिटे एकत्र येतात. चालू रीडिंग वजा मागील रीडिंग हा झाला नव्या मीटरचा हिशोब. जुन्याची उरलेली युनिटे ‘समायोजित युनिट’ या रकान्यात टाकली जातात. हा रकाना कोणी वाचत नाही आणि घोळ नेमका तिथेच होतो. समजा, जुन्या मीटरचे मागील रीडिंग 8412 आणि काढतानाचे 8497, म्हणजे 85 युनिट. मीटर बदलताना भरतात त्या बदली अहवालावर घाईत 8947 लिहिले गेले की 85 ची 535 होतात. नव्या मीटरची 116 मिळवली तर बेरीज 201 ऐवजी 651. घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांवर टप्प्याने चढतो. त्यामुळे जास्तीच्या 450 युनिटांपैकी 351 युनिटे सर्वांत महाग दोन टप्प्यांत जाऊन पडतात. डिस्प्लेवरचा दशांश बिंदू नजरेतून सुटला तर विचारूच नका.

म्हणून माणूस मीटर बदलायला आला की वायर सुटण्याआधीच फोटो काढावा. वीज तोडल्यावर बहुतेक मीटरांचा डिस्प्ले विझतो. डिस्प्लेवर व्होल्टेज, तारीख, कमाल मागणी (एका वेळी घेतलेला सर्वाधिक भार) असे आकडे फिरत असतात. केडब्ल्यूएच, म्हणजे युनिटांचा आकडा येईपर्यंत थांबावे आणि मीटर क्रमांकही त्याच फोटोत घ्यावा. नव्या मीटरचाही तसाच फोटो हवा, कारण चाचणीची दोन-चार युनिटे त्यावर आधीच असू शकतात. बदली अहवालावर दोन्ही रीडिंग आणि सील क्रमांक भरले आहेत ना, हे पाहूनच सही करावी. कोऱ्या अहवालावर सही म्हणजे कोऱ्या धनादेशावर सही. घरात कोणी नसताना मीटर बदलले असेल तर अहवालाची प्रत लेखी मागावी.

दुसरी गफलत उशिराची. बदली अहवाल संगणकात वेळेत चढला नाही तर एक-दोन महिने सरासरी बिल येते आणि मग साठलेली युनिटे एकदम. समजा, तीन महिन्यांची 480 युनिटे आली. ती एकाच महिन्याची धरली तर 100 पहिल्या टप्प्यात, 200 दुसऱ्यात, 180 तिसऱ्यात. तीन महिन्यांत विभागली तर 300 पहिल्या टप्प्यात आणि उरलेली 180 दुसऱ्यात. तिसऱ्याला हातच लागत नाही. अर्जात ‘स्लॅबचा लाभ महिन्यांप्रमाणे विभागून द्यावा व सरासरी बिलापोटी भरलेली रक्कम वजा करावी’ असे स्पष्ट लिहावे. बिल दुरुस्तीच्या प्रस्तावाला कार्यालयात ‘बी-80’ म्हणतात. तो पाठवला का, हेच विचारावे.

सगळे आकडे जुळूनही युनिटे जास्त वाटत असतील तर घरातला मेन स्विच बंद करून मीटरचा लाल दिवा पाहावा. तो लुकलुकत राहिला तर मेनच्या आधी गळती आहे किंवा ते मीटर तुमचे नाहीच. इमारतीत दोन मीटरांची अदलाबदल होणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. मीटरवर एका युनिटला किती लुकलुक ते छापलेले असते. 3200 असेल तर फक्त 1000 वॉटचा पाण्याचा रॉड चालू ठेवल्यावर मिनिटाला साधारण 53, आणि 1600 असेल तर 27. व्होल्टेज कमी असेल तर थोडे कमी.

जुन्या चाळी आणि सोसायट्यांत आणखी एक भानगड असते, शेजाऱ्याशी सामाईक न्यूट्रलची, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या तारेची. आजची सिंगल फेज मीटरे फेज आणि न्यूट्रल दोन्हींतला प्रवाह मोजतात आणि जो जास्त असेल त्यावर युनिटे धरतात. त्यामुळे शेजाऱ्याचा प्रवाह तुमच्या न्यूट्रलमधून परतला तर त्याचीही युनिटे तुमच्या बिलात येतात. जुन्या चकतीच्या मीटरला हे कळत नव्हते. इन्व्हर्टरची वायरिंग चुकीची असली तरी युनिटे अशीच वाढतात. मीटरवर ‘अर्थ’चे चिन्ह दिसू लागले तर तक्रारीआधी वायरमन बोलवावा, हा दोष कंपनीचा नाही.

छतावर सौर पॅनेल असणाऱ्यांनी आयात-निर्यातीची रीडिंग उलटी तर चढलेली नाहीत ना आणि शिल्लक युनिटे पुढे ओढली का, हे पाहावे. सीटी मीटर (मोठ्या भारासाठी करंट ट्रान्सफॉर्मरवरून मोजणारे) असणाऱ्यांनी बिलावरचा ‘गुणक अवयव’, म्हणजे रीडिंगच्या फरकाला ज्याने गुणतात तो आकडा, तपासावा; 1 चा 2 झाला की बिल दुप्पट.

कायदा ग्राहकाच्या बाजूने पुरेसा आहे. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांतील 2024 च्या दुरुस्तीनुसार, रीडिंग वापराशी जुळत नसल्याची तक्रार आली की पाच दिवसांत जोड मीटर लावून किमान तीन महिने पडताळणी करायची आहे. 2023 च्या दुरुस्तीनुसार, स्मार्ट मीटरने नोंदवलेल्या कमाल मागणीवरून ते मीटर बसवण्याआधीच्या काळासाठी दंड लावता येत नाही. ‘जुने मीटर मंद होते’ म्हणून फरक मागितला तर, छेडछाडीचा प्रकार नसल्यास, राज्य वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेप्रमाणे तो मागील तीन महिन्यांपुरताच. वाद चालू असताना वीज तोडण्याची धमकी आली तर वीज कायदा 2003 चे कलम 56 पाहावे: मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांची सरासरी, यांपैकी जी कमी ती ‘निषेधासह’ भरली की वीज तोडता येत नाही. दाद न मिळाल्यास दोन वर्षांच्या आत वीज कंपनीचा ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्याच्या आदेशानंतर 60 दिवसांत मुंबई किंवा नागपूरचे विद्युत लोकपाल.

वीज कंपन्यांना यातला बराच ताप एका सुधारणेने वाचवता येईल. मासिक रीडिंगचा फोटो बिलावर छापता येतो, तसे बदलानंतरच्या पहिल्या बिलावर जुन्या मीटरचे अखेरचे आणि नव्याचे सुरुवातीचे रीडिंग, दोन्ही फोटोंसह छापावे. आयोगाने तसा आदेश काढावा.

– एक निवृत्त वीज कर्मचारी, नाशिक