पिस्तुलाच्या काडतुसाविषयी काकांना पत्र

व्हर्जिनिया, अमेरिका

तीर्थस्वरूप काकांना शिरसाष्टांग नमस्कार.

शिकारीसाठी पिस्तूल घ्यायचेच, तर त्याला .२२ हॉर्नेटसारखे एवढेसे काडतूस कशाला, चांगले दणदणीत का नको, असे आपण मागच्या पत्रात विचारले होते. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना आपल्याकडे असल्यामुळे हा विषय आपल्याला नवा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी पाहिलेले हत्यार म्हणजे थॉम्पसन-सेंटर कंपनीचे ‘कंटेंडर’. वॉरेन सेंटर यांनी रचलेले हे एकबारी पिस्तूल १९६७ साली बाजारात आले. चापाभोवतीची कडी मागे ओढली, की नळी बारा बोअरच्या बंदुकीसारखी पुढे झुकते. एक काडतूस घालायचे आणि नळी मिटायची. पुढची लाकडी मूठ काढून बिजागरीची खीळ ढकलली, की नळीच हातात येते आणि तिच्या जागी दुसऱ्या काडतुसाची नळी बसवता येते. घोड्यावर एक छोटा खटकाही आहे. काडतुसाच्या प्रकाराप्रमाणे ठोका त्याच्या काठावर पडावा की मध्यभागी, हे त्या खटक्याने ठरते. त्यामुळे एकाच काडतुसाने सगळी कामे उरकण्याची सक्ती राहत नाही. हरणासाठी तर इथे .२३ पेक्षा लहान कॅलिबर, म्हणजे इंचांत मोजलेली गोळीची जाडी, कायद्यानेच चालत नाही. पुढेमागे हरणाच्या शिकारीला जायचे ठरले, तर .३०-३० या मोठ्या काडतुसाची वेगळी नळी घेता येईल.

सध्याचे काम ग्राउंडहॉगचे आहे. तीन-चार किलोचा हा प्राणी सोयाबीनच्या बांधाला बिळे करतो आणि कोवळे पीक फस्त करतो. ज्यांच्या शेतात मला परवानगी आहे, तिथे पल्ला फार तर शंभर यार्डांचा आहे आणि दोन बाजूंना घरे आहेत. काडतूस निवडताना मी या दोन गोष्टींनाच सर्वांत जास्त महत्त्व दिले.

साधे .२२ लाँग रायफल स्वस्त आणि कमी आवाजाचे आहे. पण पन्नास यार्डांवर नेम बसवला, तर शंभरावर गोळी पाच-सहा इंच खाली जाते आणि तिथे तिच्यात जोरही फारसा उरत नाही. जनावर जखमी होऊन बिळात शिरावे, हे मला मान्य नाही. शिवाय शिशाची ही संथ गोळी कडक जमिनीवर आपटून उसळते आणि कुठे जाईल याचा नेम नसतो. २००२ साली आलेले .१७ एचएमआर फार अचूक म्हणतात, आणि ते खरेही आहे. परंतु त्याची गोळी अवघी सतरा ग्रेनची, म्हणजे एक ग्रॅमहून किंचित जड, त्यामुळे वाऱ्याने ती सहज सरकते.

आता आपल्या ‘दणदणीत’ काडतुसाविषयी. .२२३ रेमिंग्टन इथे कोणत्याही दुकानात मिळते, आणि हा त्याचा खरा गुण आहे. त्यात सुमारे पंचवीस ग्रेन दारू असते आणि चोवीस इंची रायफलमधून त्याची गोळी सेकंदाला ३,२०० फुटांहून अधिक वेगाने जाते. दहा इंची नळीत मात्र गोळी बाहेर पडली तरी दारू जळतच असते. त्यामुळे सहा-सातशे फुटांचा वेग कमी होतो आणि त्या बदल्यात डोळे दिपवणारा जाळ आणि कानठळ्या बसवणारा आवाज पदरात पडतो. ठासणीच्या बंदुकीत दारू जास्त झाली, की काय होते हे आपण जाणताच. उरणारा वेग हॉर्नेटपेक्षा जास्तच असतो, हे मान्य. पण शंभर यार्डांच्या आत तो मला नको आहे.

याच अडचणीवर उपाय म्हणून रेमिंग्टन कंपनीने १९६३ साली एक्सपी-१०० या पिस्तुलासाठी .२२१ फायरबॉल काढले. आखूड नळीसाठीच योजलेले हे काडतूस माझ्या मते कागदावर सर्वांत उत्तम आहे. पण ते शोधायला दुकाने पालथी घालावी लागतात.

म्हणून मी .२२ हॉर्नेटवर आलो आहे. १९३० च्या सुमारास बाजारात आलेले हे जुने काडतूस अकरा-बारा ग्रेन दारूवर भागते. पंचेचाळीस ग्रेनच्या गोळीला रायफलमधून सुमारे २,७०० फूट वेग मिळतो. पिस्तुलात त्यातले पाचेकशे फूट जातात, तरी उरलेला वेग या कामाला पुरतो. पातळ आवरणाची हलकी गोळी जमिनीवर आपटली, की बहुधा फुटते. घरे जवळ असताना मला हे फार मोलाचे वाटते, अर्थात मागे मातीचा उंचवटा असल्याशिवाय बार काढायचा नाही, हा नियम कायमच. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असल्यामुळे मधून मोडणाऱ्या हत्यारात ते नीट पकडले जाते आणि बार झाल्यावर उरलेली रिकामी पुंगळी सहज बाहेर येते. दोष एकच: त्याचे पितळ पातळ असल्याने पुंगळ्या पुन्हा भरल्या, तर तोंडाशी लवकर चिरतात. त्यामुळे भरताना दारू कमाल मर्यादेच्या बरीच खाली ठेवायची आणि प्रत्येक पुंगळीचे तोंड उजेडात धरून पाहायचे, असे मी ठरवले आहे.

नळी दहा इंची घ्यावी की चौदा इंची, एवढेच ठरायचे आहे. चौदा इंचीत वेग वाढेल आणि आवाज थोडा निवळेल, पण तोंडाकडे भार वाढल्याने हात लवकर थकेल. तरी टेकूवरूनच बार काढायचा असल्याने माझा कल चौदाकडे आहे. आपले मत कळवावे.

काकूंना नमस्कार.

आपला पुतण्या