कागद प्रसिद्ध झाल्याशिवाय देयक निघू नये

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सरकारी खर्चातील पारदर्शकतेसाठी नवा कायदा हवा की आहे तो माहितीचा अधिकार पुरेसा आहे, ही चर्चा अधूनमधून होत असते. नोकरीची बहुतेक वर्षे स्थानिक स्वराज्य संस्थांचे हिशेब पाहण्यात गेल्यामुळे माझे मत असे बनले आहे की, महाराष्ट्राने या विषयावर स्वतंत्र कायदा करावा आणि त्यात एक कलम निःसंदिग्ध शब्दांत लिहावे : कामाची मूळ कागदपत्रे जनतेला पाहता येतील अशा रीतीने प्रसिद्ध झाल्याशिवाय त्या कामाचे देयक अदा होणार नाही.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४ आजही कागदावर भक्कम आहे. प्रत्येक कार्यालयाने आपला अर्थसंकल्प, प्रस्तावित खर्च, वितरित केलेल्या रकमांचे अहवाल, अनुदानाच्या योजना आणि त्यांचे लाभार्थी हे सारे कोणी न मागता प्रसिद्ध करावे, अधिनियम संमत झाल्यापासून १२० दिवसांच्या आत करावे आणि पुढे दर वर्षी अद्ययावत ठेवावे, असे ते सांगते. नागरिकांवर अर्ज करण्याची वेळ कमीत कमी यावी, हा त्यामागचा हेतूही त्याच कलमात नोंदवलेला आहे. मात्र अर्जाचे उत्तर मुदतीत न देणाऱ्या माहिती अधिकाऱ्याला कलम २० नुसार दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, तसा दंड कलम ४ न पाळणाऱ्या कार्यालयाला नाही. त्यामुळे अनेक संकेतस्थळांवर पदनामांची जुनी यादी आणि नागरिकांची सनद तेवढी सापडते, गावातल्या रस्त्यावर किती पैसे गेले हे सापडत नाही. मग अर्ज करावा लागतो, आणि महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमदुरुस्तीनुसार तो १५० शब्दांत आणि एकाच विषयापुरता लिहावा लागतो. उत्तरासाठी तीस दिवस, पहिल्या अपिलासाठी तीस ते पंचेचाळीस दिवस आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील, ज्याच्या निर्णयाला कायद्याने मुदतच घातलेली नाही. तोवर त्या रस्त्यावरून दोन पावसाळे वाहून गेलेले असतात आणि ठेकेदाराची अनामत रक्कमही परत गेलेली असू शकते.

आता कोणते कागद, हे नेमके सांगतो, कारण घोळ तिथेच घातला जातो. प्रशासकीय मान्यता आणि निधीचा आकडा प्रसिद्ध करून कुणाचेही काही अडत नाही, ते आकडे कामाच्या फलकावरही रंगवलेले असतात. बीम्स या राज्याच्या अर्थसंकल्पी निधीच्या संगणक प्रणालीवर लेखाशीर्षनिहाय, म्हणजे खर्चाच्या प्रकारानुसार, तरतूद आणि खर्च कोणालाही पाहता येतो, पण त्यावरून वाडीतल्या रस्त्याचा पत्ता लागत नाही. लोकांना हवी असते ती झालेल्या कामाची मापे नोंदवणारी मोजमाप पुस्तिका, जिला सगळे ‘एमबी’ म्हणतात. समजा, एमबीत वस्तीवरच्या काँक्रीट रस्त्याची लांबी १२० मीटर, रुंदी ३ मीटर आणि जाडी १५ सेंटीमीटर नोंदवली आहे. म्हणजे ५४ घनमीटर काँक्रीटचे पैसे निघाले. त्या वस्तीवरच्या कोणाही माणसाने टेप घेऊन रस्त्याच्या कडेला जाडी मोजली आणि ती १० सेंटीमीटर भरली, तर १८ घनमीटर काँक्रीट रस्त्यात पडलेलेच नाही, हे अभियांत्रिकीचे शिक्षण नसतानाही कळते. शाखा अभियंत्याने नोंद केलेले आणि उपअभियंत्याने तपासलेले हे एक पान गावाला दिसले, तर लेखापरीक्षकाच्या आधी गावच लेखापरीक्षण करील. स्थानिक निधी लेखापरीक्षेत रकमा ‘आक्षेपाधीन’ किंवा ‘वसूलपात्र’ ठरतात, हे खरे आहे, पण तो शेरा येईपर्यंत संबंधित अधिकारी बदलून वा निवृत्त होऊन गेलेले असतात आणि अनुपालनाचे, म्हणजे आक्षेपांना द्यायच्या उत्तरांचे, कागद वर्षानुवर्षे टेबलांवरून फिरत राहतात.

हे काही पुस्तकी स्वप्न नाही. डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानातील कोट किराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई, म्हणजे गावकऱ्यांसमोरची जाहीर सुनावणी, घेतली आणि तेथून पुढे गावोगाव हजेरीपत्रके व बिले लोकांसमोर मोठ्याने वाचली गेली. कामावर कधी न गेलेल्यांच्या, गावात न राहणाऱ्यांच्या, मृतांच्याही नावावर मजुरी निघाल्याचे त्यातून उघड झाले. १९९६ मध्ये ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे झाले ते याच कागदांच्या प्रतींसाठी. आपल्याकडेही अण्णा हजारे यांच्या आंदोलनांमुळे केंद्राच्या आधी, २००२ चा महाराष्ट्र माहितीचा अधिकार कायदा लागू झाला होता. या विषयात जो प्रांत पुढे होता, तो आज मागे पडल्याचे पाहून वाईट वाटते.

त्यात आता एक नवी अडचण उभी राहिली आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने माहिती अधिकारातील कलम ८(१)(ञ) बदलले आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल अमलात आला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण आक्रमण होते, असे दाखवावे लागे, आणि जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे परंतुक होते. आता केवळ ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित’ एवढेच कारण पुरते आणि ते परंतुकही गेले. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची मुभा देणारे कलम ८(२) शिल्लक आहे, हे सरकारचे म्हणणे बरोबर आहे. परंतु ते जनहित पटवून देण्याचा भार अर्जदारावर पडतो. हजेरीपत्रकातील नावेच झाकली, तर मृताच्या नावावर पैसे निघाले की नाही हे कसे कळणार? म्हणूनच सार्वजनिक पैसा ज्याला मिळाला त्याचे नाव, काम आणि रक्कम ही प्रसिद्ध करण्याजोगी माहिती आहे, असे राज्याच्या कायद्यानेच ठरवून द्यावे. आधार क्रमांक, बँक खाते, दूरध्वनी आणि आजाराचा तपशील खुशाल झाकावा.

इतर राज्यांनी निदान खरेदी आणि निविदांपुरता मार्ग काढलेला आहे. तामिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये आणि राजस्थानने २०१२ मध्ये सार्वजनिक खरेदीतील पारदर्शकतेचे कायदे केले. केंद्राचे सार्वजनिक खरेदी विधेयक मे २०१२ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि ती लोकसभा विसर्जित होताच मंजुरीविना संपुष्टात आले. महाराष्ट्राची शासकीय खरेदी मात्र अजूनही १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयावर आणि त्याच्या दुरुस्त्यांवर चालते. शासन निर्णय मंत्रालयातील एका सहीने बदलतो, कायदा बदलायला विधानसभेत उभे राहून कारण द्यावे लागते. पण कर्नाटकाचा अनुभवही डोळ्यांआड करू नये. तेथील कायद्याच्या कलम ४(जी) खाली सरकार अधिसूचना काढून एखाद्या खरेदीला निविदेतून सूट देऊ शकते आणि त्या सवलतीच्या वापरावर सतत टीका झाली आहे. आपल्या कायद्यात सूट ठेवायचीच असेल, तर तिचे कारण त्याच दिवशी प्रसिद्ध व्हावे.

‘सुप्रमा’, म्हणजे कामाचा खर्च वाढल्यावर दिली जाणारी सुधारित प्रशासकीय मान्यता, हीसुद्धा या कायद्याच्या कक्षेत आणली पाहिजे. सिंचन प्रकल्पांच्या वाढलेल्या किमतींवरून राज्य हादरले आणि २०१२ मध्ये सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली. प्रत्येक सुप्रमा तिच्या कारणांसह वेळच्या वेळी लोकांसमोर आली असती, तर ते प्रश्न त्या त्या वर्षीच विचारले गेले असते.

माहिती अधिकाराच्या आडून काही जण खंडणी उकळतात, अशी तक्रार अधिकारी करतात आणि ती सर्वस्वी खोटी नाही. परंतु खंडणीखोराचे बळ कागद त्याच्या एकट्याच्या हाती असण्यात असते. तोच कागद साऱ्या गावाने पाहिला असेल, तर धमकी कशाची द्यायची? कर्मचाऱ्यांवर कामाचा बोजा वाढेल, हा आक्षेप मला मान्य नाही, कारण देयकासोबत हे सगळे कागद जोडावेच लागतात.

राहिला अंमलबजावणीचा प्रश्न. कोषागारात किंवा जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात एखादे प्रमाणपत्र जोडलेले नसले, एखादी सही राहिली असली, तरी आक्षेप लागून देयक परत येते, हे प्रत्येक लेखा लिपिकाला ठाऊक आहे. त्याच तपासणीत आणखी एक रकाना घालावा : अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, एमबीची पाने आणि कामापूर्वीची व नंतरची छायाचित्रे संकेतस्थळावर ज्या क्रमांकाने प्रसिद्ध झाली, तो क्रमांक. तो रकाना कोरा असेल तर देयक परत जाईल. मार्चअखेरच्या गर्दीत देयके मंजूर होतात तेव्हाही या अटीला अपवाद असू नये, आणि ग्रामपंचायतींनी हेच कागद छापून ग्रामसभेत ठेवावेत, कारण सगळ्या वाड्यांवर इंटरनेट पोहोचलेले नाही. विरोधी पक्षात असताना सर्वच पक्षांनी खर्चाच्या हिशेबाची मागणी केलेली आहे. तेव्हा असे विधेयक येत्या अधिवेशनात कोणत्याही सदस्याने अशासकीय विधेयक म्हणून मांडले, तरी त्याला विरोध करताना प्रत्येक पक्षाला आपले कारण सभागृहात नोंदवावे लागेल.

आपला,
एक निवृत्त लेखा कर्मचारी, सातारा