‘समलंब’ हे नाव मुलांना उलगडून सांगावे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

समोरासमोरील बाजूंची एक जोडी समांतर असलेल्या चौकोनाला शाळेच्या भूमितीत मराठी माध्यमाची मुले ‘समलंब चौकोन’ म्हणतात आणि सेमी-इंग्रजीची मुले ‘ट्रॅपेझियम’; पण ही नावे कशावरून पडली, हे दोघांनाही क्वचितच सांगितले जाते. व्याख्या येते, पाठोपाठ सूत्र येते, आणि नाव मात्र चिठ्ठीसारखे नुसते वर चिकटवलेले राहते. अनेक वर्षे गणित शिकवलेल्या शिक्षिकेला याची खंत वाटते, म्हणून हा पत्रप्रपंच.

‘ट्रॅपेझियम’चे मूळ ग्रीक आहे. ‘ट्रॅपेझा’ म्हणजे चार पायांचे मेज आणि ‘ट्रॅपेझिऑन’ म्हणजे लहान मेज. (सराफ ज्या मेजावर नाणी मांडत, त्यावरून ग्रीक भाषेत आजही बँकेला ‘ट्रॅपेझा’ म्हणतात.) युक्लिडने चौरस, आयत, समभुज आणि समांतरभुज वगळून उरलेल्या सर्वच चौकोनांना हे नाव दिले होते, समांतर बाजूंची अट नंतर आली. पुढे ब्रिटन आणि अमेरिका यांच्या वापरात ‘ट्रॅपेझियम’ व ‘ट्रॅपेझॉइड’ या नावांची अदलाबदल झाली, त्यामुळे परदेशी पुस्तक हाती आले की आपले विद्यार्थी आजही गोंधळतात.

आपल्याकडील नाव आकृतीच्या रूपावरून नव्हे, तर तिच्या गुणधर्मावरून पडले आहे. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त ‘समानलंब’ चतुर्भुजाचा नियम आहे: ‘कु’ म्हणजे पाया आणि ‘मुख’ म्हणजे वरची बाजू, यांच्या बेरजेचे अर्ध घेऊन त्याला लंबाने गुणावे. मुखाच्या दोन्ही टोकांपासून पायावर टाकलेले लंब समान असतील, तर मुख आणि पाया समांतर असणारच. म्हणजे व्याख्या, उंची आणि क्षेत्रफळाची किल्ली हे सारे त्या एका नावात सामावलेले आहे. या भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा शिलालेख आमच्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणे येथे आहे.

ही आकृती त्याहून कितीतरी जुनी आहे. यज्ञवेदींच्या रचनेचे नियम सांगणाऱ्या शुल्बसूत्रांतील महावेदीची, म्हणजे यज्ञाच्या मोठ्या वेदीची, पूर्वेकडील बाजू 24, पश्चिमेकडील 30 आणि लांबी 36 पदे (पद हे लांबीचे जुने माप) असते. शुल्बसूत्रकार आपस्तंबाने तिच्या एका बाजूचा त्रिकोणी तुकडा कापून, उलटा करून दुसऱ्या बाजूला जोडण्यास सांगितले आहे. त्यातून 36 गुणिले 27 असा आयत तयार होतो आणि क्षेत्रफळ 972 येते. हाच प्रयोग आठवीच्या मुलाला जाड कागद आणि कात्री घेऊन एका तासिकेत करता येतो आणि सूत्र पाठ करण्याची गरजच उरत नाही.

माझी विनंती एवढीच आहे की, माध्यम कोणतेही असो, फळ्यावर सूत्र लिहिण्यापूर्वी शिक्षकांनी ते दोन समान लंब काढून दाखवावेत आणि आपल्या दैनिकाच्या विद्यार्थी पुरवणीत भूमितीतील अशा नावांचा उलगडा करणारे छोटे सदर सुरू व्हावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षिका,
जळगाव